पावती नसलेला सौदा की तिऱ्हाइताची शिष्टाई?

दोन देश युद्धाच्या तोंडावर आले आहेत. मनातून दोघांनाही युद्ध नको आहे, पण आधी मागे सरायला कोणी तयार नाही. अशा वेळी दोघांचेही नाक राखणारी वाट निवडायची असेल, तर मी क्यूबा 1962 आणि बीगल 1978 हे दोन नमुने शेजारी ठेवून बघायला सांगेन. क्यूबाच्या वेळी वैऱ्यांनी आपापसात, बंद दाराआड देवघेव केली. बीगलच्या वेळी दोघांनी तिसऱ्याला मध्ये घेतले. युद्ध दोन्हीकडे टळले. तरीही माझा कल बीगलकडे आहे, आणि त्याला कारण आहे 30 ऑक्टोबर 1962 रोजी परत केलेले एक पत्र.

क्यूबाचा घटनाक्रम सर्वांना माहीत असतो (सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे आणली, अमेरिकेने ती काढायला सांगितले), म्हणून सौद्याची रचनाच पाहू. 27 ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकी अध्यक्ष केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना आपल्या कचेरीत बोलावले. उघड भाग असा होता : क्षेपणास्त्रे काढा, आम्ही क्यूबावर आक्रमण करणार नाही. झाकलेला भाग असा : तुर्कस्तानातली आमची 15 ज्युपिटर क्षेपणास्त्रे चार-पाच महिन्यांत निघतील, पण याचा कुठे उच्चार झाला तर शब्द संपला. ज्युपिटर नाटोच्या नावावर होती. धमकीखाली ती काढली असे दिसले असते, तर मित्रदेशांचा भरवसा उडाला असता. दोन माघारींमध्ये काही महिन्यांचे अंतर ठेवल्यामुळे त्यांचा एकमेकींशी संबंध दिसत नाही, ही युक्ती खरोखर चांगली. त्याआधी अमेरिकी नौदलाने क्यूबाला घातलेल्या वेढ्यासाठी वापरलेला ‘क्वारंटाइन’ हा शब्दही तसाच. आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धकृती ठरते, क्वारंटाइनला तो अर्थ चिकटलेला नव्हता. त्यामुळे सोव्हिएत जहाजांना युद्ध न पत्करता थांबता आले, वळता आले.

वेगात या वाटेला तोड नाही. दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, मॉस्को रेडिओवरून माघार जाहीर झाली.

आता ते पत्र. 29 तारखेला डोब्रिनिन यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे पत्र आणले. त्यात तुर्कस्तानचा सौदा स्पष्ट शब्दांत लिहिला होता. दुसऱ्या दिवशी रॉबर्ट केनेडींनी ते परत केले, कारण असा कागद दप्तरी राहू द्यायचा नव्हता. अमेरिकेने शब्द पाळला. एप्रिल 1963 पर्यंत ज्युपिटर निघाली. पण ख्रुश्चेव्ह यांच्या हाती पावती नव्हती. मिळवले ते दाखवता येईना आणि सोडले ते साऱ्या जगाने पाहिले. ऑक्टोबर 1964 मध्ये त्यांना पायउतार केले गेले, तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या आक्षेपांत क्यूबाही होता. नाक राखायचा सौदा केला, आणि राखले गेले एकाचेच.

मला हे इतके खटकते याला आणखी एक कारण आहे. लपवलेल्या अर्ध्या भागामुळे पुढच्या पिढ्या चुकीचा धडा शिकतात. ताठ उभे राहिले की समोरचा झुकतो, असे पाव शतक मानले गेले. रॉबर्ट केनेडींच्या आठवणी छापताना सौद्याचा स्पष्ट उल्लेख आपण गाळला, हे अध्यक्ष केनेडींचे सल्लागार सोरेनसन यांनी 1989 मध्ये मॉस्कोच्या परिषदेत सांगितले. तोवर किती निर्णय त्या अर्धवट कहाणीवर घेतले गेले असतील, याचे मोजमाप करता येणार नाही. माझ्या मते ते थोडे नसावेत.

आणि गुप्त सौदा वरच्या दोघांनाच बांधतो. त्याच 27 तारखेला क्यूबावर अमेरिकेचे यू-2 हे टेहळणी विमान पाडले गेले, तेही मॉस्कोच्या परवानगीविना, तिथल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या निर्णयाने. क्यूबाचे नेते कास्त्रो यांना तर कोणी विचारलेही नव्हते. त्यांनी आपल्या भूमीवर तपासणी नाकारली, म्हणून परतणाऱ्या जहाजांच्या डेकवरची क्षेपणास्त्रे समुद्रातच मोजावी लागली. ‘आक्रमक शस्त्रे’ म्हणजे नेमकी कोणती हे ठरलेले नसल्याने क्यूबातल्या आयएल-28 या सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांवरून घासाघीस चालूच राहिली. क्वारंटाइन उठले ते 20 नोव्हेंबरला.

दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या बीगल खाडीच्या तोंडाशी पिक्टन, लेनॉक्स आणि नुएव्हा ही तीन बेटे आहेत. चिली आणि अर्जेंटिना यांनी आधी लवाद नेमून पाहिला. 1977 मध्ये बेटे चिलीची ठरली, आणि जानेवारी 1978 मध्ये अर्जेंटिनाने तो निवाडा रद्दबातल म्हणून जाहीर केला. लवाद एकाला जिंकलेला ठरवतो, तिथेच घोडे अडते. डिसेंबरात अर्जेंटिनाचा हल्ला काही तासांवर आला असताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपला दूत पाठवायची तयारी दाखवली. दोन्ही देश कॅथलिक, त्यामुळे पोपना ‘नाही’ म्हणणे कठीण आणि ‘हो’ म्हणण्यात कमीपणा नाही.

पोपचे दूत कार्डिनल सामोरे यांनी केलेला क्रम उचलण्यासारखा आहे. बेटे कोणाची, या प्रश्नाला त्यांनी आधी हातच घातला नाही. 8 जानेवारी 1979 रोजी माँटेव्हिडिओत दोघांकडून तीन गोष्टी लिहून घेतल्या : मध्यस्थीची विनंती आम्ही स्वतः करतो, बळ वापरणार नाही, आणि सैन्य 1977 च्या सुरुवातीच्या स्थितीवर नेऊ. त्या कागदामुळे सैन्य मागे नेणे ही शत्रूपुढची माघार राहिली नाही. पोपना दिलेला शब्द पाळणे झाले. आणि तो कागद घरी लोकांना दाखवता येत होता.

पुढे जमीन आणि पाणी वेगळे केले : बेटे चिलीला, पण त्यांच्या जोरावर अटलांटिककडे मिळू शकणारा बराचसा समुद्र अर्जेंटिनाला. दोघांनाही सांगण्यासारखे काहीतरी उरले.

या वाटेचा दोष म्हणजे वेळ. डिसेंबर 1980 मधला पोपचा प्रस्ताव चिलीने स्वीकारला, अर्जेंटिनाचे लष्करी सरकार गप्प बसले. ब्रिटनशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धातल्या पराभवानंतर ते सरकार गेले. नोव्हेंबर 1984 च्या सार्वमतात अर्जेंटिनातल्या 80 टक्क्यांहून अधिक मतदारांनी तोडगा मान्य केला आणि त्याच महिन्यात करार झाला. जवळजवळ सहा वर्षे. सामोरे तोवर वारले होते. पण लष्कराने सुरू केलेली बोलणी निवडून आलेल्या सरकारला पुढे नेता आली, कारण सारे कागदावर होते.

लवाद मात्र सरसकट बाद करू नये. कच्छच्या रणाचा वाद भारत-पाकिस्तानने लवादानेच मिटवला. निर्णयावर कोणत्याही कारणाने शंका घ्यायची नाही, असे 30 जून 1965 च्या करारातच लिहिलेले होते. त्याच वर्षीचे युद्ध त्याने टळले नाही, पण 1968 च्या निवाड्यात वादग्रस्त भागाचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला गेला, तेव्हा देशात संताप उसळूनही भारताने तो पाळला.

हाताशी तासच असतील तर गुप्त मार्गाला पर्याय नसेलही. पण तेव्हाही तिऱ्हाईत तयार ठेवावा. अध्यक्ष केनेडींनी तेच केले होते. अदलाबदलीची सूचना संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख ऊ थांट यांच्या तोंडून आली तर ती दोघांना उघडपणे स्वीकारता येईल, म्हणून त्यांनी तसे निवेदन कोलंबिया विद्यापीठातल्या अँड्र्यू कॉर्डियर यांच्याकडे देऊन ठेवले होते. इशारा मिळाला की ते ऊ थांट यांच्या हाती द्यायचे होते. मॉस्को रेडिओ आधी बोलला आणि तो इशारा गेलाच नाही. परराष्ट्रमंत्री राहिलेल्या डीन रस्क यांनी ही गोष्ट 1987 मध्ये उघड केली.