उद्यमनगरात मापाने करवून घेतलेली मुलांची गेट

घरात एक मूल रांगू लागलेले आणि दुसरे दिसेल त्यावर चढणारे असेल, तर घरदुरुस्तीच्या यादीचा क्रम आपोआप बदलतो. रंगकाम, स्वयंपाकघरातली फरशी आणि गळका सज्जा हे सारे आम्ही पुढच्या वर्षावर ढकलले आणि हाताशी असलेल्या पैशांतून आधी दोन लोखंडी गेट करवून घेतली. एक स्वयंपाकघराच्या दाराला आहे आणि दुसरे जिन्याच्या वरच्या तोंडाशी. दोन्ही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या फॅब्रिकेशन (लोखंड कापून-जोडून वस्तू करण्याच्या) वर्कशॉपमध्ये तयार झाली. त्या वर्कशॉपवर पाटीसुद्धा नाही आणि तशी वर्कशॉप तिथल्या गल्ल्यांत पुष्कळ आहेत. त्यामुळे हे परीक्षण एका दुकानाचे नसून, ऑइल इंजिने आणि उसाचे चरक घडवत आलेल्या त्या वसाहतीकडून असले घरगुती काम करवून घेण्याच्या पद्धतीचे आहे, असे समजावे.

तयार गेट आम्ही आधी पाहिली होती. त्यांतील बहुतेक दोन्ही बाजूंच्या भिंतींवर स्क्रूने दाब देऊन उभी राहतात, भिंतीला भोक पडत नाही, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हा गुण मोठाच आहे. मात्र अशा गेटला खाली उंबऱ्यासारखी आडवी पट्टी असते आणि ती पायात येते. शिवाय केवळ दाबावर उभे असलेले गेट जिन्याच्या वरच्या टोकाला लावू नये, असे त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते, कारण मुलाने अंगाचा भार टाकला की ते सरकू शकते. आमच्यासारख्या जुन्या घरांत आणखी एक अडचण आहे : एकाही दाराची रुंदी दुसऱ्याशी जुळत नाही, आणि जोडपट्ट्या घेत गेले की स्वस्त वाटलेले गेट महाग होते.

उद्यमनगरात मापाचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे सारे काही मापानेच होते. तिथल्या कारागिरांचा हात उत्तम आहे. चौकट काटकोनात येते, वेल्डिंग पक्के असते आणि सांगितलेल्या मापात सुताचाही फरक पडत नाही. पण त्यांच्या डोळ्यांसमोर असते ते खिडकीचे ग्रिल किंवा अंगणाचे फाटक. मुलाचे डोके, मुलाची बोटे आणि मुलाचे तोंड यांचा विचार आपणच करून, तो कागदावर आकड्यांत उतरवून न्यावा लागतो. जे सांगाल ते उत्तम करून मिळेल, आणि जे सांगणार नाही ते ग्रिलच्या सवयीने होईल.

पहिला आकडा गजांमधील अंतराचा. जिन्याच्या कठड्याला चार इंचांपेक्षा कमी फट असावी असा दंडक बऱ्याच ठिकाणी मानला जातो, पण अमेरिकेत बाळाच्या पाळण्याच्या गजांसाठी कायद्याने घातलेली मर्यादा २⅜ इंच, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर, इतकी कडक आहे. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लहान मूल पायांच्या बाजूने फटीत सरकते, धड निघून जाते आणि डोके मात्र अडकते. आम्ही पाळण्याचेच माप धरले. तीस इंच रुंदीच्या गेटला एक इंची चौकोनी पाइपची चौकट आणि आत १० मिलिमीटरचे दहा उभे गज घातले, की दोन गजांमध्ये साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास फट राहते. वर्कशॉपच्या मालकांना हे पटले नाही. "वहिनी, एवढं जवळ जवळ गज घालून काय करतायसा? उगंच वजन वाढतंय," असे ते म्हणाले, आणि व्यवसायाच्या दृष्टीने त्यांचे चूक नव्हते. हिशेब मात्र सोपा आहे : १० मिलिमीटरचा गज मीटरला ०.६१७ किलो भरतो, १८ गेजची (सुमारे सव्वा मिलिमीटर जाड पत्र्याची) एक इंची पाइप मीटरला किलोभरापेक्षा थोडी कमी भरते, आणि छत्तीस इंच उंचीचे संपूर्ण गेट आठ-साडेआठ किलोंत बसते. चार इंची फटीऐवजी जवळ गज घातल्याने वाढलेले वजन दोनेक किलोचे होते. फॅब्रिकेशनचा दर किलोवर ठरत असल्यामुळे हे गणित घरून करून गेलेले बरे, म्हणजे पुढचे बोलणे अंदाजावर राहत नाही.

आडवी पट्टी मध्ये कोठेही नको, हेही आवर्जून सांगावे लागते. ग्रिलला मजबुतीसाठी मध्ये आडवी पट्टी घालण्याची सवय कारागिरांच्या हाताला असते, आणि चढणाऱ्या मुलाला ती आयतीच शिडी मिळते. त्याच कारणाने नक्षी, वेलबुट्टी आणि वरचे भाले आम्ही नाकारले. गेटच्या खालची फट गजांमधल्या फटीपेक्षा जास्त नसावी. पाइपची उघडी टोके झाकून घ्यावीत, आणि वेल्डिंगचे शिंतोडे ग्राइंडरने घासून झाल्यावर प्रत्येक सांध्यावरून आपला स्वतःचा अंगठा फिरवून पाहावा.

रंगाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण दात येणारे मूल वरच्या पट्टीला तोंड लावणारच. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण औद्योगिक रंग या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात असलेला डबा कोणत्या वर्गातला आहे, हे तिथे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. शिसे मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांच्या शरीरात कितीतरी अधिक प्रमाणात शोषले जाते, आणि त्यांच्यासाठी निर्धोक मानावी अशी कोणतीही पातळी नाही. म्हणून आम्ही दोन्ही गेट बिनरंगाची घेतली आणि पावडर कोटिंगला दिली. या प्रक्रियेत विद्युतभारित कोरडी पावडर लोखंडावर फवारतात आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती वितळवून पक्की करतात; त्यात थिनर नसतो, वासही राहत नाही, आणि थर ब्रशने दिलेल्या रंगापेक्षा चिवट असतो. मात्र इथेही रंग निवडताना विचार करावा. गडद पिवळ्या, केशरी आणि लाल छटा मिळवण्यासाठी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य दीर्घकाळ वापरले गेले आहे. थोरलीला पिवळे गेट हवे होते. ते फिकट करडे झाले, आणि तिने अद्याप आम्हाला क्षमा केलेली नाही.

पावडर कोटिंग करायचे असेल, तर फॅब्रिकेटरला दोन गोष्टी आधीच बजावून ठेवाव्यात : रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा अस्तर-रंग) मारायचा नाही आणि वेल्डिंगवर लांबी, म्हणजे खाचा बुजवण्याची पुट्टी, भरायची नाही. त्यांच्याकडे या दोन्ही गोष्टी न सांगता होतात, आणि भट्टीच्या उष्णतेत खालचा रंग व लांबी फुगून वरचा थर उचलला जातो. आमच्या जिन्याच्या गेटच्या एका सांध्यात सांगूनही लांबी भरली गेली, आणि तिथे आता बुडबुड्यासारखा उंचवटा आहे. मालकांनी तो भाग पुन्हा करून देण्याची तयारी दाखवली, पण त्यासाठी गेट काढून कित्येक दिवस जिना उघडा ठेवावा लागला असता, म्हणून आम्ही तो तसाच ठेवला.

बसवण्याच्या कामाला मी कारागिरीपेक्षा कमी गुण देईन. स्वयंपाकघराचे दार सागवानी चौकटीचे असल्यामुळे बिजागऱ्या लाकडात घट्ट बसल्या. जिन्यापाशी एका बाजूला मातीत बांधलेली जुनी भिंत आहे, आणि तिथे साधा प्लग धरत नाही, हे मुलाच्या वजनाचा विचार न करणाऱ्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. शेवटी भिंतीला उभी लाकडी पट्टी वरपासून खालपर्यंत अनेक ठिकाणी अँकर फास्टनरने (भिंतीच्या भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) आवळून तिच्यावर गेट टांगले. जिन्यावरचे गेट पायऱ्यांच्या बाजूला कधीच उघडू नये. ते घराच्या आतल्या बाजूला उघडावे आणि स्प्रिंगच्या बिजागरीने आपोआप मिटावे. कडी बाहेरच्या अंगाला, वरून उचलून सरकवण्याची घेतली. चार वर्षांच्या मुलीला ती अजून जमत नाही, पण आजीलाही एका हाताने जमत नाही, ही तक्रार घरात रोज ऐकू येते.

खर्चाचे सांगायचे, तर दोन्ही गेट, पावडर कोटिंग, बिजागऱ्या आणि बसवण्याची मजुरी मिळून साडेपाच हजारांच्या आत काम झाले. एकच गेट हवे असेल आणि दार नेहमीच्या मापाचे असेल, तर तयार गेट घेण्यात फारसा तोटा नाही. जिना असेल, दारे आडमापाची असतील किंवा घर स्वतःचे असेल, तर उद्यमनगरच बरे. वेळेचा अंदाज मात्र सैल ठेवावा, कारण कारखान्याचे मोठे काम आले की घरगुती गिऱ्हाइकाचे काम मागे पडते, आणि याबद्दल तिथे कोणी ओशाळत नाही. चौकशीला जाताना मुलांना सोबत नेऊ नये. वेल्डिंगची ठिणगी उघड्यावरच पडत असते, तिच्याकडे नुसते पाहूनही डोळ्यांना इजा होते, आणि मुलांना पाहायचे असते ते नेमके तेच.

उरलेल्या गजांच्या तुकड्यांतून मालकांनी गॅस सिलिंडरभोवती बसेल असे छोटे कडे करून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. धाकटा आता त्यालाच धरून उभा राहतो.