मॅस्टोडॉन की ब्लूस्काय: बिऱ्हाड हलवण्याआधी

गिरगाव-दादरकडच्या एखाद्या वाचनालयाला किंवा हौशी नाट्यसंस्थेला फेसबुक आणि एक्सवरचे अवलंबन कमी करायचे असेल, तर मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय हे दोन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. दोन्ही दिसायला जुन्या ट्विटरसारखीच असल्याने रूपावरून निवड करण्यात अर्थ नाही. उद्या तिथून उठावे लागले तर बरोबर काय नेता येईल, हे आधी तपासावे. ऑर्कुट 2014 मध्ये आणि आपले देशी कू 2024 मध्ये बंद झाले, तेव्हा तिथे जमलेला गोतावळा कोणालाही दुसरीकडे नेता आला नाही.

ऑयगेन रोख्को यांनी 2016 मध्ये जर्मनीत सुरू केलेले मॅस्टोडॉन म्हणजे हजारो स्वतंत्र सर्व्हरांचे जाळे असून, अ‍ॅक्टिव्हिटीपब या सामायिक नियमावलीमुळे एका सर्व्हरवरचा मजकूर दुसऱ्यावर वाचता येतो. प्रत्येक सर्व्हरचा चालक आपले नियम ठरवतो, त्यामुळे इथला अनुभव सोसायटीसारखा असतो: सेक्रेटरी बरा, तर सगळे बरे. सर्व्हर बदलताना अनुयायी बरोबर येतात, जुन्या नोंदी (पोस्ट) मात्र मागेच राहतात. आणि चालकाने सूचना न देता सर्व्हर बंद केला, तर अनुयायीही हलवता येत नाहीत, कारण स्थलांतराचा निरोप जुन्या सर्व्हरनेच द्यायचा असतो.

ब्लूस्काय 2019 मध्ये ट्विटरच्या पोटात सुरू झाले आणि फेब्रुवारी 2024 पासून सर्वांना खुले आहे. त्याच्या रचनेत ओळख आणि साठवण वेगळी ठेवल्यामुळे नोंदी व अनुयायी दोन्ही घेऊन दुसरीकडे जाता येते, शिवाय संस्थेचे स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, हेच खात्याचे नाव होऊ शकते. कागदावर हे सरस आहे; प्रत्यक्षात बहुतेक खाती अजून त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, तेव्हा ‘विकेंद्रित’ हे विशेषण तूर्त जपून वापरलेले बरे. नोंदीला अक्षरमर्यादा 300 आहे, तर मॅस्टोडॉनवर सहसा 500. पण नाटकाच्या प्रयोगाची वेळ कळवायला दोन्ही पुरतात.

सर्व्हर सांभाळणारा, आणि पुढची काही वर्षे टिकणारा, कार्यकर्ता असेल तर स्वतःच्या डोमेनवर मॅस्टोडॉन चालवावे. बहुतेक संस्थांकडे असा माणूस नसतो. त्यांनी ब्लूस्काय घ्यावे, पण डोमेन पहिल्याच दिवशी जोडावे आणि त्याची नोंदणी एका उत्साही सभासदाच्या नव्हे, संस्थेच्या नावावर करावी. व्हॉट्सअ‍ॅपचा गट मात्र चालूच ठेवावा, कारण सध्याचा प्रेक्षक तिथेच आहे.