हळदीची चक्की: रानात की कुपवाड एमआयडीसीत?

स्वतःची जागा रानात आहे, मग सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) भाडं का भरायचं? प्रश्न रास्त आहे. पण हिशेब जागेपेक्षा विजेचा करा.

आधी कारखाना इंधनाच्या मागे जायचा. कोळसा आणि बीड (ओतकामाचं लोखंड) रेल्वेनं यायचं. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली तीही कुंडल रोड स्टेशनाला धरूनच. साठच्या दशकात कोयनेची वीज आली आणि रुळांची सक्ती सुटली, तारेची लागली. साखर कारखाना मात्र अजून उसातच उभा, त्याचं एक कारण म्हणजे बगॅस (उसाचा चोथा) हे इंधन उसातूनच निघतं.

वीज: 20 एचपीची मोटर 415 व्होल्टला साधारण 28 अँपिअर घेते. रानातल्या लांबलचक लाइनच्या टोकाला 350 व्होल्ट मिळाले, की तेवढ्याच लोडला 33 च्या आसपास. ओव्हरलोड रिले (जादा करंट गेला की मोटर बंद करणारं उपकरण) नीट सेट नसेल तर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळालंच. शिवाय शेतीपंपाच्या कनेक्शनवर चक्की चालवणं बेकायदा. औद्योगिक कनेक्शनच घ्यावं लागतं आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब असेल तर खांब-तारांचा खर्च मोठा. एमआयडीसीत ही कटकट बरीच कमी.

वाहतूक: सांगलीचं मार्केट यार्ड कुपवाडहून जवळ. रिवाइंडिंगवालाही.

घरची हळद हंगामात दळायची, 5 एचपीत भागतंय आणि डीपी बांधालाच आहे, तर रान. बाराही महिने दुसऱ्यांचा माल दळायचा, तर भाडं भरा.