नाल्याच्या तोंडाशी काय: तरंगता अडसर की पाणथळ वाफा?

नाल्याचा कचरा आणि सांडपाणी नदीत जाऊ नये म्हणून कंपनी पैसे देते, तेव्हा हे दोन पर्याय समोर येतात. कंपनीला फोटो हवा असतो, वस्तीला वास थांबायला हवा असतो. कोणता पर्याय निवडायचा, ते बऱ्याचदा इथेच ठरतं.

तरंगता अडसर स्वस्त आणि झटपट. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटखाली ३० ते ५० सेंमी जाळी लोंबते. तो आडवा न लावता प्रवाहाला तिरपा बांधावा, म्हणजे कचरा सरकत काठाशी जमतो आणि उपसायला सोपा जातो. आडवा लावला की मधोमध फुगतो, जोराच्या पाण्यात कचरा खालून निसटतो. पुराआधी एक टोक सोडायचं असतं; ते कोण सोडणार, हे करारात लिहिलेलं नसतं. अडसर प्लास्टिक धरतो, सांडपाणी मात्र जसंच्या तसं नदीत जातं.

पाणथळ वाफा खडी आणि वनस्पतींमधून सांडपाणीच साफ करतो. त्याचं काम खरं, पण किचकट. आधी गाळ बसायला टाकी, मग सुमारे ६० सेंमी खडीचा थर, त्यात पाणकणीस ही पाणवनस्पती. पाणी खडीच्या वरच्या पातळीपासून ५ ते १० सेंमी खालीच ठेवायचं, नाहीतर डास होतात. जागा माणशी १ ते ५ चौरस मीटर, थंड हवेत जास्त. टाकीतला गाळ वेळेवर उपसला नाही तर खडी तुंबते आणि पाणी वरून वाहतं. कारखान्याचं रासायनिक पाणी येत असेल तर वाफा नकोच. ते उगमाशीच रोखावं लागतं.

जागा असेल तर आमचा कौल वाफ्याला, पण वाफ्याच्या आधी कचरा अडवायला जाळी हवीच. कंपनीकडून उद्घाटनापेक्षा ५ वर्षांच्या गाळउपशाचे पैसे लिहून घ्या. पाणी सुधारतंय का हे कळायला त्यात विरघळलेला ऑक्सिजन वस्तीनेच मोजावा, तोही पहाटे, कारण तेव्हा तो सर्वात कमी असतो.