बेक ऑफ, फॉल्टी टॉवर्स की येस मिनिस्टर : ताटासकट एक तुलना

ब्रिटिश मालिका पाहायच्या आहेत, पण सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्या मराठी प्रेक्षकाला उच्चारांची धास्ती असते. ती धास्ती सबटायटल चालू ठेवली की दोनचार भागांत ओसरते. खरा घोटाळा ताटात होतो. पडद्यावरचा गृहस्थ ‘टी’साठी घरी निघतो, तेव्हा उत्तर इंग्लंडातील कामगाराच्या घरी त्याचा अर्थ संध्याकाळचे जेवण असा असतो. ‘पुडिंग’ म्हणजे एरवी जेवणानंतरचा कोणताही गोड पदार्थ, पण यॉर्कशायर पुडिंग हे अंडी, मैदा आणि दुधाचे, रोस्टबरोबर, म्हणजे भाजलेल्या मांसाबरोबर, खाण्याचे बिनगोड प्रकरण आहे आणि ब्लॅक पुडिंग तर रक्ताचे सॉसेज आहे. माणूस काय खातो आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारतो, यावरून तो कुठला, कोणत्या थरातला, हे तिकडच्या प्रेक्षकाला क्षणात उमगते आणि निम्मे विनोद त्यावरच उभे असतात. म्हणून ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही बेकिंगची स्पर्धा आणि ‘फॉल्टी टॉवर्स’ व ‘येस मिनिस्टर’ या विनोदी मालिका, या तिघांची तुलना करताना, त्यांच्यासोबत आपल्याकडे काय खाता येईल, हाही निकष मी बरोबरीने धरला आहे.

वेळेचा हिशेब सोपा आहे. ‘फॉल्टी टॉवर्स’चे एकूण 12 भाग आहेत, 1975 मध्ये सहा आणि 1979 मध्ये सहा, प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा असल्याने एका शनिवार-रविवारी सगळी मालिका संपते. ‘येस मिनिस्टर’ (1980 ते 1984) आणि तिचा पुढचा टप्पा असलेली ‘येस, प्राइम मिनिस्टर’ (1986 ते 1988) मिळून 38 भाग होतात, आणि ते रोज एक या बेताने पाहावेत, कारण सलग चार पाहिले की मंत्र्याचे सचिव सर हम्फ्री ॲपलबी यांची वाक्ये डोक्यात एकमेकांत गुंतू लागतात. ‘बेक ऑफ’ 2010 पासून दर वर्षी होत आली असली, तरी प्रत्येक वर्षाची स्पर्धा स्वतंत्र असते, त्यामुळे मागचे काही न पाहता कोणतेही एक पर्व उचलता येते. भारतीय प्रेक्षकाने 2018 चे पर्व आधी पाहावे, असे मी सुचवीन. त्या वर्षीचे विजेते राहुल मंडल हे मूळचे कोलकात्याचे, शेफील्ड विद्यापीठात संशोधन करणारे गृहस्थ, आणि आपल्या केकबद्दल सतत साशंक असलेला इतका भिडस्त विजेता मी दुसऱ्या कोणत्या स्पर्धेत पाहिलेला नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी ही मालिका ‘द ग्रेट ब्रिटिश बेकिंग शो’ या नावाने शोधावी, कारण ‘बेक-ऑफ’ हे नाव तिथे पिल्सबरी कंपनीच्या मालकीचे आहे.

भाषेच्या बाबतीत तिघांचा क्रम अगदी स्पष्ट लागतो. ‘बेक ऑफ’मधले इंग्रजी रोजच्या बोलण्यातले असते आणि एखादा शब्द निसटला तरी भट्टीसमोर उकिडवा बसून केक फुगण्याची वाट पाहणारा माणूस कोणत्याही भाषेत कळतो. ‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये टॉर्की या समुद्रकाठच्या गावातील हॉटेलमालक बेसिल फॉल्टी, म्हणजे जॉन क्लीझ, भरभर आणि चिडून बोलतो, परंतु त्याचे पाय, हात आणि भुवया निम्मे काम करतात. ‘येस मिनिस्टर’मध्ये मात्र शब्दांखेरीज काहीही नाही. मंत्री जिम हॅकर काहीतरी करू पाहतो आणि त्याचा सचिव सर हम्फ्री ते होऊ देत नाही, एवढेच कथानक, आणि न होऊ देण्याचे हत्यार म्हणजे अर्धा मिनिट चालणारे एकच वाक्य. गंमत अशी की हीच मालिका मराठी माणसाला सर्वांत जवळची वाटू शकते. ज्याने सरकारी कचेरीत एखादी नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाताना पाहिली आहे, ‘बाब विचाराधीन आहे’ असे पत्र ज्याच्या हाती पडले आहे, त्याला सर हम्फ्री परके वाटत नाहीत. फारुख शेख यांना घेऊन तिचा ‘जी मंत्रीजी’ हा हिंदी अवतार 2001 मध्ये निघाला होता, तो उगाच नव्हे.

घरातील सर्वांनी मिळून पाहायचे असेल, तर ‘बेक ऑफ’ला तोड नाही. परीक्षक आरडाओरडा करत नाहीत, स्पर्धक एकमेकांना मदत करतात, आणि शेवटी विजेत्याला रोख बक्षीस न मिळता नाव कोरलेला केक ठेवण्याचा स्टँड मिळतो. ‘फॉल्टी टॉवर्स’ मुलांना आवडते, परंतु तिथे एक सूचना आधीच द्यायला हवी. ‘द जर्मन्स’ या भागात हॉटेलात कायम मुक्कामाला असलेले वृद्ध मेजर ओव्हलवरील क्रिकेटच्या आठवणीत भारतीय आणि वेस्ट इंडियन लोकांसाठी जे शब्द वापरतात, ते ऐकून आपल्याला दचकायला होते. विनोदाचा रोख मेजरांच्या जुनाट डोक्यावर आहे हे खरे, पण लहान मुले बसलेली असतील, तर ते समजावून सांगण्याची तयारी हवी.

आता ताट. इथेही ‘बेक ऑफ’ आघाडीवर आहे, आणि त्याचे कारण आपल्या स्वयंपाकघरात आधीच आहे. व्हिक्टोरिया सँडविच हा केक करायला कपाचे माप लागत नाही. अंडी कवचासकट तराजूत घालावीत आणि तेवढ्याच वजनाचे लोणी, साखर व मैदा घ्यावा, मैद्यात बेकिंग पावडर मिसळावी, दोन थरांच्या मध्ये रासबेरीचा जॅम लावावा, बस्स. अंडी न खाणाऱ्या घरांनी स्कोन या छोट्या, पावासारख्या पदार्थाकडे वळावे, कारण मैदा, लोणी, दूध आणि बेकिंग पावडर एवढ्यावर चांगले स्कोन होतात. त्यावर लावण्याचे क्लॉटेड क्रीम इथे सहज मिळत नाही, पण ते दूध किंवा मलई मंद आचेवर बराच वेळ तापवून, न ढवळता थंड करून काढलेली जाडसर मलई असते, हे कळल्यावर म्हशीच्या दुधाची साय आठवल्यावाचून राहत नाही. कॉर्निश क्लॉटेड क्रीममध्ये स्निग्धांश किमान 55 टक्के असावा लागतो. आपली साय इतकी दाट नसते, तरी दोन दिवसांची, आंबट न झालेली साय जॅमसोबत उत्तम लागते. आधी जॅम आणि वर क्रीम ही कॉर्नवॉलची रीत, तर आधी क्रीम आणि वर जॅम ही शेजारच्या डेव्हनची, आणि हा वाद आपल्याकडच्या मिसळीच्या वादाइतकाच जिवंत आहे.

कस्टर्डची कथा तर थेट आपल्या फडताळात येऊन थांबते. 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी अंड्याविना कस्टर्ड तयार केले, कारण त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे. पुण्याच्या वीकफिल्डचा आणि इतरांचा कॉर्नफ्लोअरवर आधारलेला डबा त्याच कुळातला आहे. फरक एवढाच, की आपण ते गार करून त्यात फळे घालतो आणि ते लोक गरमागरम कस्टर्ड सफरचंदाच्या क्रंबलवर, म्हणजे फोडींवर लोणी-मैद्याचा चुरा पसरून भाजलेल्या पदार्थावर, ओततात. एकदा तसे खाऊन पाहावे. ज्यांना भट्टीच पेटवायची नाही, त्यांनी पुण्यातील कयानी बेकरीची श्रूजबरी बिस्किटे आणावीत. श्रॉपशर परगण्यातील ज्या श्रूजबरी गावाचे नाव त्यांनी धारण केले आहे, तिथले लोक गावाचा उच्चार ‘श्रूजबरी’ की ‘श्रोजबरी’ यावर आजही एकमत करू शकलेले नाहीत. सोबतचा चहा मात्र आल्याचा उकळलेला नको, नाहीतर लोण्याची चव मरते.

‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये अन्न पुष्कळ आहे, पण ते बहुधा वाईट असते किंवा येतच नाही. ‘वॉल्डॉर्फ सॅलड’ या भागात अमेरिकेहून आलेला पाहुणा जे मागतो आणि बेसिलला जे ठाऊक नसते, ते सेलरी, सफरचंद, अक्रोड आणि द्राक्षे मेयोनेजमध्ये कालवून दहा मिनिटांत होते. मेयोनेज बिनअंड्याचेही मिळते. ‘गूरमे नाइट’ हा भाग पाहताना समोर ट्रायफल, म्हणजे केक, जेली, कस्टर्ड आणि क्रीम यांच्या थरांचा गोड पदार्थ, असावे. का, ते इथे सांगून मजा घालवत नाही. शाकाहारी मंडळींनी ट्रायफलमधील जेली जिलेटिनची नाही ना, एवढे पाहावे. तसेच वुस्टर सॉसमध्ये पारंपरिक कृतीनुसार अँकोव्ही मासे असतात आणि जुन्या पद्धतीच्या कित्येक पुडिंगांत गुरांची चरबी असते, हेही ध्यानात असू द्यावे.

‘येस मिनिस्टर’मधील माणसे जेवतात थोडे आणि पितात फार. तरीही ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील सर्वांत राजकीय पदार्थ याच मालिकेत आहे. 1984 च्या नाताळातील ‘पार्टी गेम्स’ या विशेष भागात युरोपीय नियमांमुळे ब्रिटिश सॉसेजचे नाव बदलावे लागणार असे दिसते, आणि त्या सॉसेजचा कैवार घेऊन जिम हॅकर थेट पंतप्रधानपदापर्यंत पोहोचतो. ज्यांना मांस चालत नाही, त्यांच्यासाठी वेल्समधील ग्लॅमॉर्गन सॉसेज आहे, ज्यात केअरफिली चीज, लीक आणि पावाचा चुरा असतो. लीकऐवजी पातीचा कांदा आणि केअरफिलीऐवजी चीज व थोडे पनीर घातले, तरी काम भागते.

माझा कौल असा : घरात मुले किंवा आजी-आजोबा असतील, तर ‘बेक ऑफ’, एकट्याला दोनच दिवस मोकळे असतील, तर ‘फॉल्टी टॉवर्स’, इंग्रजीवर हुकमत असेल आणि सरकारी नोकरीत वर्षे गेली असतील, तर बाकी दोन्ही बाजूला ठेवून ‘येस मिनिस्टर’. तिन्हींतून एकच निवडायची झाली, तर मी शेवटचीच निवडीन, ताट रिकामे राहिले तरी चालेल. या मालिका कोणत्या सेवेवर आहेत, ते वर्गणी भरण्याआधी त्या आठवड्यात तपासावे, कारण हक्क हात बदलत राहतात. बीबीसीची आयप्लेअर ही ऑनलाइन सेवा ब्रिटनबाहेर चालत नाही. जुन्या डीव्हीडी ब्रिटनमधून मागवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की डीव्हीडीच्या जागतिक विभागणीत (रिजन) तिकडचा विभाग 2 आणि आपला 5 आहे, त्यामुळे सर्व विभागांच्या चकत्या चालवणारे यंत्र लागते.

एक मालिका मात्र या सगळ्यानंतरच पाहावी. ‘गुडनेस ग्रेशस मी’ या भारतीय वंशाच्या कलावंतांच्या विनोदी कार्यक्रमात (1998 ते 2001) मुंबईतील काही टवाळ तरुण रात्री ‘इंग्लिश’ खायला बाहेर पडतात आणि वेटरकडे मेन्यूतील सर्वांत सपक पदार्थ मागतात. शुक्रवारी रात्री झिंगून करी हाउसात शिरणारी आणि पैज लावून सर्वांत तिखट करी मागणारी ब्रिटिश टोळकी डोळ्यांसमोर आणल्यावर आणि टोस्टवर ओतलेले गोडसर बेक्ड बीन्स एकदा स्वतः खाऊन पाहिल्यावर तो प्रसंग अधिकच खुलतो.