कादंबरीच्या हस्तलिखितावर व्यावसायिक संपादकीय अहवाल : काही महिन्यांच्या वापरानंतर

साधारण ८५ हजार शब्दांची कादंबरी, तिसरा खर्डा, आणि त्यावर पैसे मोजून घेतलेला संपादकीय अहवाल. असा अहवाल हातात पडल्या पडल्या दिलेल्या अभिप्रायाला फारसा अर्थ नसतो. तेव्हा लेखक एकतर हुरळलेला असतो, नाहीतर दुखावलेला. पुनर्लेखन अर्ध्याच्या पुढे सरकलं की त्यातलं काय उपयोगी आणि काय नुसतं भरताड, ते कळतं.

आधी नेमकं काय विकत घ्यायचं ते ठरवावं. रचनेचं संपादन कथानक, काळक्रम, पात्रं आणि निवेदन बघतं. ओळीओळीचं संपादन वाक्यं बघतं. त्यानंतर शुद्धलेखन आणि तपशिलांची एकवाक्यता येते, आणि छपाईसाठी पानं लागल्यावर मुद्रितशोधन, म्हणजे उरलेल्या चुका टिपणं. मूल्यमापन अहवाल, म्हणजे इथे घेतलेला संपादकीय अहवाल, हा यातल्या पहिल्या प्रकाराचा आटोपशीर अवतार: संपादक हस्तलिखितात बदल करत नाही, काय चाललंय आणि काय अडतंय ते लिहून देतो. ‘सगळं एकत्र’ असं पॅकेज कुणी देऊ केलं तर घेऊ नये. रचना बदलली की अख्खी प्रकरणं जातात, एखादं उपकथानक मुळासकट उपटावं लागतं. त्या पानांवरच्या वाक्यांना आधीच इस्त्री करून ठेवली असेल तर ते पैसे पाण्यात.

संपादक निवडताना आधी थोड्या मजकुरावर नमुन्यादाखल शेरे मागतात, आणि त्यासाठी बहुतेक जण पहिलं प्रकरण पाठवतात. तेच सगळ्यात जास्त वेळा घासूनपुसून झालेलं असतं, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. मधल्या एखाद्या प्रकरणातले हजार-दीड हजार शब्द द्यावेत. त्यात संवाद असावेत आणि काळ एकदा तरी मागेपुढे व्हावा. ‘संवाद अधिक जिवंत करता येतील’ असा शेरा आला तर पुढचा संपादक शोधावा. ‘या पानावर चौघं बोलतात आणि नवव्या ओळीनंतर कोण बोलतंय हे कळायला मागे जावं लागतं’ असा आला, तर तो माणूस खरोखर वाचतोय.

करार करताना काही गोष्टी लेखी घ्याव्यात: वाचनं किती, अहवाल साधारण किती पानांचा, फाइलमध्ये टिपा मिळणार की फक्त अहवाल, नंतर बोलणं होणार का, वाचणारी व्यक्ती तीच की काम दुसऱ्याकडे जाणार. हस्तलिखित एखाद्या एआय साधनात टाकलं जाणार का, हेही आता स्पष्ट विचारायलाच हवं.

संपादकाला पाठवायची फाइल एकच, युनिकोडमध्ये, १२ पॉइंट, दुप्पट ओळअंतर, पानांना क्रमांक. प्रकरणांच्या शीर्षकांना ‘हेडिंग’ शैली दिली की संपादकाला बाजूच्या पट्टीतून उड्या मारता येतात. नुसती अक्षरं ठळक केली तर येत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित केला असेल तर रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावीत. तिथेच मोडतोड होते. सोबत शेवटासकट एक पानाचा सारांश द्यावा आणि तीन-चार नेमके प्रश्न. ‘कशी वाटली?’ या प्रश्नाला उत्तर ‘चांगली’ असंच येतं. ‘निवेदक काहीतरी लपवतोय असा संशय कोणत्या पानावर आला?’ याला पान क्रमांक मिळतो. आणि हस्तलिखित तिकडे असेपर्यंत इकडे हात लावू नये. दोन्ही प्रतींची पानं जुळेनाशी झाली की अर्ध्या टिपा कुठल्या ओळीवरच्या हेच शोधत बसावं लागतं.

इतक्या महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा उघडली गेली ती अहवालाच्या शेवटी जोडलेली प्रकरणवार तालिका. प्रकरण, प्रसंग, कोणाच्या नजरेतून, कोणता काळ, आणि शेवटचा रकाना: या प्रसंगामुळे काय बदललं. हा शेवटचा रकाना निर्दय असतो. तो जिथे कोरा, तो प्रसंग कितीही सुंदर लिहिलेला असो, त्याला दुसऱ्या प्रसंगात मिसळावं लागतं किंवा निरोप द्यावा लागतो. संपादकाने तालिका दिली नाही तर आपण करावी. पण परक्या माणसाने भरलेल्या रकान्यांची सर तिला येत नाही, कारण पानावर नसलेलं आपल्या डोक्यात आपसूक भरलं जातं.

दुसरी समजलेली गोष्ट: टीप जिथे असते तिथे दोष असतोच असं नाही. अकराव्या प्रकरणात एका स्त्री पात्राबद्दल टीप होती, ‘इथे तिचा राग अचानक येतो’, आणि सुचवणी होती की आधी तिच्या मनातले विचार घालावेत. ते घालून प्रसंग फक्त जड झाला. खरं कारण आठव्या प्रकरणात होतं. जमीन परस्पर विकल्याचं तिला फोनवर कळतं, ही बातमी एकाच वाक्यात, दुसऱ्याच विषयाच्या परिच्छेदात दडली होती. वाचणाऱ्याने ती ओलांडली आणि पुढे रागाला आधारच उरला नाही. त्या वाक्याचा अर्ध्या पानाचा प्रसंग केला, अकराव्यातली स्पष्टीकरणाची तीन वाक्यं काढली, आणि राग जागेवर बसला. ‘इथे अडखळलो’ या नोंदीवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. ‘असं करा’ यावर नाही. कारण शोधायचं तर मागची दोन-तीन प्रकरणं चाळावीत.

अहवाल एकदा वाचून आठवडाभर मिटून ठेवावा. मग प्रत्येक मुद्दा एका शीटमध्ये: मुद्दा, पान, आपल्याला पटलेलं कारण, आणखी कुठे हात लागेल, निर्णय. नाकारलेल्या मुद्द्यापुढेही कारण लिहावं. कारण लिहिता आलं नाही तर तो मुद्दा बहुधा खरा असतो. वर्डमधलं ‘पुढची टीप’ हे बटण मात्र फसवं. पहिल्या पानापासून टिपा मिटवत जाण्यात काम झाल्याचं समाधान मिळतं, पण शब्द बदलत राहतात आणि मोडकं कथानक तसंच राहतं. आधी काळक्रम आणि कथानक, मग पात्रं, मग प्रसंग, भाषा शेवटी.

तक्रारीही आहेत. पहिल्या पन्नास पानांवर टिपांची दाटी आणि मधल्या भागात शुकशुकाट, हे सर्रास दिसतं. प्रकरणागणिक टिपा मोजल्या की लगेच लक्षात येतं. मधला भाग निर्दोष असण्यापेक्षा वाचणारा थकलेला असण्याची शक्यता जास्त, आणि हे तोंडावर विचारायला संकोच करू नये. अहवालाची सुरुवातीची दीड-दोन पानं स्तुतीची असतात. त्यातलं जे कोणत्याही कादंबरीला चालेल ते सोडून द्यावं. संवादातली बोली प्रमाण करा असं सुचवत राहणं हा आणखी एक त्रास. ‘व्हतं’, ‘न्हाई’ हे मुद्दाम आहे, कोणतं पात्र कसं बोलतं, नावं कशी लिहिली आहेत, याचं एक पान आधीच दिलं तर तो टळतो. आणि अहवालातून ‘हे छापलं जाईल’ याची हमी मिळत नसते. तशी हमी देणाऱ्यापासून दूरच राहावं.

बोलण्याची बैठक लगेच दुसऱ्या दिवशी ठेवू नये, तेव्हा निव्वळ बचाव होतो. दोन-तीन आठवड्यांनी, प्रश्न आधी पाठवून, सुचलेले बदल समोर ठेवून बोलावं.

पहिल्या खर्ड्यावर हा खर्च करू नये. जी भोकं लेखकाला स्वतःला दिसतायत ती दाखवायला पैसे कशाला? आधी तीन-चार चोखंदळ वाचकांना द्यावं, त्यांच्या सूचनांवर काम करून झालं की मग संपादक. पुनर्लेखनानंतरच्या फेरीसाठी शक्यतो वेगळी व्यक्ती घ्यावी, कारण पहिल्या संपादकाला आता सगळं ठाऊक असतं आणि पानावर नसलेलंही त्याला दिसू लागतं. नव्या माणसाला पूर्ण कादंबरी द्यावी, काय बदललंय ते न सांगता.