व्हिएतनाममध्ये बाइक: स्वतः चालवायची की मागे बसायचं?

व्हिएतनामचं तिकीट काढलं की आपल्याकडच्या बायकर मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिकडे कुठली गाडी मिळते? गाड्या ढिगाने मिळतात. हनोईच्या जुन्या भागात किंवा होई आनला पाच मिनिटं चाललात तरी भाड्याच्या गाड्यांची दोन-तीन दुकानं लागतात, आणि बरेच दुकानदार लायसन्सकडे ढुंकूनही बघत नाहीत. पासपोर्ट दाखवला, पैसे दिले, किल्ली हातात. गाडी मिळाली म्हणजे चालवायची परवानगीही मिळाली, हा गैरसमज तिथेच सुरू होतो.

आधी लायसन्स, मग गाडी

आरटीओत हजार रुपये भरून आपण जे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढतो, ते १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतं. व्हिएतनाम मानतो १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं परमिट. त्यामुळे शिक्का-सही असलेलं आपलं परमिट तिथल्या पोलिसाच्या लेखी असून नसल्यासारखं. 'माझ्या मित्राने तेच दाखवलं आणि सुटला' असं सांगणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. तो सुटला असेलही. पण उद्या अपघात झाला तर त्याचं सुटणं तुमच्या कामी येणार नाही.

परदेशात राहणाऱ्यांचं गणित वेगळं. जर्मनी, ब्रिटन किंवा यूएईचं लायसन्स असेल तर तिथून १९६८ चं परमिट मिळू शकतं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांची गत आपल्यासारखीच, त्यांचं परमिटही १९४९ चं. आणि योग्य परमिट असलं तरी त्यावर मोटरसायकलचा वर्ग हवा. लंडनमध्ये फक्त कारचं लायसन्स काढलेल्याला त्यावर व्हिएतनाममध्ये ११० सीसीची गाडी चालवता येत नाही. परमिटबरोबर मूळ लायसन्सही जवळ ठेवावं लागतं.

१ जानेवारी २०२५ पासून तिथे नवा वाहतूक कायदा आणि नवे दंड लागू झाले. योग्य लायसन्स नसताना १२५ सीसीपर्यंतची गाडी चालवली तर २० ते ४० लाख डाँग, त्यावरच्या गाडीला ६० ते ८० लाख डाँग. एका रुपयाला ढोबळ ३०० डाँग धरा, म्हणजे साधारण साडेसहा हजारांपासून सव्वीस हजार रुपयांपर्यंत. गाडीही जप्त होऊ शकते, आणि ती ठाण्यात उभी असेल तितक्या दिवसांचं भाडं दुकानदार तुमच्याकडूनच घेणार. सिग्नल तोडला तर ४० ते ६० लाख डाँग. दारूच्या बाबतीत मर्यादा शून्य आहे. जेवणाबरोबर घेतलेली एक बिअरसुद्धा गुन्ह्यात मोडते.

दंड तरी परवडेल. खरी भीती विम्याची आहे. ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या अटींत बहुतेक वेळा 'त्या देशात वैध लायसन्स असल्यास' असा शब्दप्रयोग असतो, काही पॉलिसींत दुचाकीच वगळलेली असते. पाय मोडून हनोईच्या खासगी रुग्णालयात पडल्यावर ही ओळ वाचण्यात अर्थ नाही.

म्हणून पुढचे पर्याय वाचताना आधी स्वतःची बाजू ठरवा: तुमच्याकडे १९६८ चं परमिट आहे की नाही.

स्वतः चालवणं: ११० ते १५० सीसी

परमिट असेल तर हा राजा पर्याय. शहरात गिअर नसलेली स्कूटर, होंडा व्हिजन किंवा एअर ब्लेड, दिवसाला साधारण दीड ते दोन लाख डाँगला मिळते. डोंगरात मात्र होंडा वेव्ह किंवा ब्लेडसारखी क्लच नसलेली, पायाने गिअर टाकायची गाडी घ्या. ज्यांनी पूर्वी हिरो होंडा स्ट्रीट चालवली असेल त्यांना ती लगेच जमेल: चवड्याने दाबलं की गिअर वर, टाचेने दाबलं की खाली, क्लचची भानगड नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. स्कूटरला तो आधार कमी, सगळा भार ब्रेकवर. लांब उतारावर ब्रेक तापून ढिले पडतात आणि नवख्यांचे अपघात असेच होतात. होंडा एक्सआर १५० किंवा विनर एक्स भारी गाड्या आहेत, पण त्या १२५ सीसीच्या वर. परमिटवर तेवढ्या क्षमतेची मुभा नसेल तर दंडही वरच्या टप्प्यातला.

वाहतूक उजवीकडून. गंमत अशी की हनोईच्या गर्दीत हे फारसं जाणवत नाही. सगळा लोंढा ज्या बाजूने चाललाय त्या बाजूने आपणही जातो. घोळ होतो तो पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून किंवा चहाच्या टपरीवरून बाहेर पडताना. समोर कुणी नसतं, डोकं सवयीने काम करतं, आणि आपण डावीकडे लागतो. दुसरी सवय सिग्नलची. आपल्याकडे बऱ्याच चौकांत डावं वळण मोकळं असतं, म्हणून तिथे लाल दिव्यावर उजवीकडे वळायला हात शिवशिवतात. वेगळा बाण किंवा पाटी असल्याशिवाय ते चालत नाही.

एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे लांबच्या प्रवासात उरतो राष्ट्रीय महामार्ग १ किंवा डोंगराकडचा हो चि मिन्ह मार्ग. महामार्ग १ वर ट्रकांच्या शेजारून दिवसभर जाण्यात मला तरी काही मजा वाटत नाही. उत्तर-दक्षिण सगळा देश गाडीवर करायचा हट्ट असेल तर आतला मार्ग धरा, नाहीतर कंटाळवाणे टप्पे रेल्वेने करा. टाकीतलं पेट्रोल काढून गाडी रेल्वेत चढवता येते.

मागे बसणं: ईझी रायडर

स्थानिक चालक, गाडी त्याची, आपण मागे. ही पद्धत दक्षिणेकडच्या दा लातमध्ये रुजली आणि आता उत्तरेकडच्या डोंगराळ 'हा झांग' भागात तिचा मोठा धंदा झाला आहे. 'मागे बसून कसली बाइक ट्रिप' असं नाक मुरडणारे भेटतील. मला वाटतं, भारतीय लायसन्सवाल्यासाठी हा झांगला हाच पर्याय, आणि तो दुय्यम नाही.

कारण तो रस्ता. हा झांग शहरातून निघून क्वान बा, येन मिन्ह, डाँग वान, मेओ वाक असं साधारण साडेतीनशे किलोमीटरचं वर्तुळ होतं. त्यातला मुख्य रस्ता १९५९ ते १९६५ या काळात हातांनी खोदला गेला. मा पी लेंग खिंडीचा टप्पा तर मजुरांनी कड्याला दोरांनी लटकत महिनोन्‌महिने फोडला. त्या टप्प्यावर एका बाजूला चुनखडीची उभी भिंत, दुसऱ्या बाजूला खाली न्यो क्वे नदीची हिरवट रेघ, आणि वळणावरून अचानक समोर आलेला सिमेंटचा ट्रक. स्वतः चालवत असाल तर नजर ट्रकवरच. मागे बसलेल्याला नदी दिसते.

खर्चात फरक आहेच. तीन दिवस-दोन रात्रींच्या ईझी रायडर सहलीला राहणं-खाणं धरून ४० ते ५० लाख डाँगच्या आसपास, म्हणजे तेरा ते सतरा हजार रुपये लागतात. नुसती वेव्ह घेतली तर भाडं दिवसाला दीड-दोन लाख डाँग, वर पेट्रोल आणि होमस्टे. जोडप्यांनी लक्षात घ्यावं की एका चालकामागे एकच जण बसतो, त्यामुळे दोघांचे पैसे दोनदा. स्वतःच्या गाडीवर डबलसीट जाऊन ते वाचवू, असं म्हणाल तर दोन माणसं आणि दोन सॅक घेऊन ११० सीसीची गाडी त्या चढाला रडते.

शाकाहारी माणसाला मागे बसण्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. चालक होमस्टेला आधीच फोन करून 'आन चाय' (शाकाहारी जेवण) सांगून ठेवतो. नाहीतर डाँग वानला रात्री पोहोचून भात आणि पाल्याची भाजी यापलीकडे काही मिळवणं म्हणजे हातवाऱ्यांची परीक्षा. घरचे ज्येष्ठ बरोबर असतील तर त्याच रस्त्यावर चालकासह जीपही मिळते. त्यांना बाइकवर बसवू नका.

बुक करताना दोन गोष्टी विचारा: एका गटात किती गाड्या असतात, आणि रात्री काय असतं. काही सहली म्हणजे वीस-वीस गाड्यांची वरात आणि रात्री उशिरापर्यंत मक्याची दारू व कराओके. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चालक तुम्हाला खिंडीतून नेणार असतो.

पन्नास सीसी किंवा इलेक्ट्रिक

हा पर्याय आपल्याकडच्या चर्चांत जवळजवळ येतच नाही, आणि भारतीय लायसन्सवाल्यासाठी कायदेशीर स्वारीची हीच एक सोपी वाट. ५० सीसीपर्यंतची, किंवा ४ किलोवॅटपर्यंत मोटर आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंत वेग असलेली इलेक्ट्रिक गाडी चालवायला तिथे लायसन्स लागत नाही. वयाची अट सोळा वर्षं. शाळेच्या गणवेशातली मुलं ज्या छोट्या गाड्यांवर दिसतात, त्या बहुधा याच.

रस्त्यावर अशा गाड्यांना ताशी ४० ची मर्यादा आहे, तेवढ्यात घाट चढायचा नाही, हे उघड आहे. पण होई आनहून आन बांगचा किनारा चार-पाच किलोमीटर, रस्ता सपाट, दोन्हीकडे भातशेती. त्याला याहून मोठं इंजिन लागतंच कशाला? निन्ह बिन्हला ताम कॉक, चांग आन आणि जुनी राजधानी ह्वा लू हेही असंच. भाडं स्कूटरइतकंच किंवा थोडं कमी.

दुकानदाराच्या 'फिफ्टी सीसी, फिफ्टी सीसी' वर मात्र जाऊ नका. गाडीच्या नोंदणीपत्रावर इंजिनची क्षमता छापलेली असते. तिथे ४९ किंवा ५० चा आकडा दिसला तरच घ्या. इलेक्ट्रिकचंही तसंच, एकाच कंपनीचं एक मॉडेल ४९ च्या वेगाचं आणि दुसरं ७० चं असतं, दिसायला दोन्ही सारखी.

विकत घेणं

पूर्वी पाठीवर सॅक घेऊन फिरणारे पर्यटक हनोईत जुनी 'होंडा विन' घ्यायचे, जी बहुधा चिनी नक्कल असायची, आणि सायगावला विकून टाकायचे. आता यात पडू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून नंबर प्लेट मालकाच्या नावाशी बांधली गेली आणि गाडी विकताना प्लेट जमा करावी लागते, त्यामुळे कागद दुसऱ्याच्या नावावर ठेवून हातोहात विकायचा जुना खेळ अवघड झाला. त्याच तारखेपासून ई-व्हिसा ९० दिवसांचा झाला, म्हणून लांब मुक्कामवाल्यांना गाडी घ्यायचा मोह होतो, तो भाग निराळा. लायसन्सचा प्रश्न गाडी विकत घेऊनही तसाच राहतो.

कुठे काय करावं

हनोई आणि सायगावमध्ये गाडी घेऊच नका. ग्रॅब ॲपवरून मागवलेली चालकासह बाइक मिनिटभरात येते, पार्किंग शोधावं लागत नाही. हनोईच्या पहिल्या रिंगरोडच्या आत पेट्रोलच्या दुचाक्या १ जुलै २०२६ पासून थांबवण्याचा निर्देश पंतप्रधानांनी जुलै २०२५ मध्ये दिला होता, तेव्हा तिथे घ्यायचीच असेल तर त्या दिवशी नियम काय आहे ते दुकानात विचारून घ्या.

मध्य व्हिएतनाममधला ह्वे ते दा नांग हा टप्पा चालकामागे बसून करा. हाय वान घाट २१ किलोमीटरचा, माथा ४९६ मीटरवर. २००५ मध्ये बोगदा झाल्यापासून बहुतेक ट्रक खालून जातात. दुचाकींना बोगद्यात प्रवेश नाही, म्हणून घाट जवळजवळ दुचाकींचाच झाला आहे. पेट्रोलचे टँकर तेवढे अजून वरून जातात. सप्टेंबर ते डिसेंबर या भागात पाऊस असतो, घाटमाथ्यावर धुकं. हा झांगचं वेळापत्रक उलटं: जून ते ऑगस्टला दरडी कोसळतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला बकव्हीट (कुट्टू) फुलतं आणि गर्दी होते. हनोईहून हा झांगपर्यंतचे तीनशे किलोमीटर बसने जा, त्यात पाहण्यासारखं फार नाही.

गाडी ताब्यात घेताना

ज्यांच्याकडे परमिट आहे किंवा जे छोटी गाडी घेणार आहेत, त्यांच्यासाठी. पासपोर्ट गहाण ठेवू नका. हॉटेलला नोंदणीसाठी तो लागतो आणि ओरखड्यावरून वाद झाला तर तो दुकानदाराच्या खणात असतो. रोख अनामत द्या, पावती घ्या. निघण्यापूर्वी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, आणि तो दुकानदारासमोरच काढा: आरसे, सायलेन्सर, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक, पायदान. मागचा ब्रेक दाबून दिवा लागतो का बघा. टायरच्या खाचांत नख घालून बघा. हेल्मेट अर्ध्या कवटीचं, हलकं मिळतं. पट्टा ओढून जे डोक्यावर हलत नाही ते मागा, दुसरं नक्की असतं. नोंदणीपत्राची प्रत आणि विम्याचा कागद सीटखाली आहे का तपासा. काटा बरेचदा बंद असतो आणि टाकी जवळजवळ रिकामी, म्हणून दुकानातून निघाल्यावर पहिला थांबा पेट्रोल पंपाचा, आणि तिथून बाहेर पडताना उजवीकडे.